अनुभव धागा: आजारातून उठून परगावच्या मॅरेथॉनला जाताना

पहाटपळी
कपाट आवरताना एक जुनं बिब, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, सापडलं. चारही पिना गंजलेल्या, मागे रक्तगट लिहिलेला आणि 'चालू औषधे' या रकान्यासमोर नुसती आडवी रेघ. ती रेघ खोटी होती. पुढचं रामायण सांगत नाही, पण त्यावरून धागा काढावासा वाटला.

पावसाळा सरता सरता डेंगी, चिकनगुनिया, टायफॉइड यांतलं एखादं घरोघरी पाहुणचार घेऊन जातं आणि मुंबई मॅरेथॉन असते जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. पैसे भरलेले, गाडीचं आरक्षण झालेलं, अंगात मात्र अर्धाच जीव. अशा वेळी नागपूर, कोल्हापूर, नांदेडहून निघणाऱ्याने काय बघावं ते लिहा. शौर्यकथा नकोत, नेमकं लिहा.

सुरुवात मी करते. पॅरासिटामॉल पोटात असताना मोजलेला ताप हा ताप नव्हे. शेवटच्या गोळीनंतर आठेक तास जाऊ द्या आणि संध्याकाळी पाच-सहाला मोजा. अंग दिवसभरात तेव्हाच सगळ्यात गरम असतं, सकाळचा आकडा फसवतो. दुसरं म्हणजे जाग आल्यावर, उठायच्या आधी, पडल्या पडल्या नाडी मोजा. आजारापूर्वीचा आकडा घड्याळाच्या ॲपमध्ये असतोच. त्याच्यापेक्षा ५ ते १० ठोके वर असेल तर लाँग रनचं (लांब पल्ल्याच्या सरावाचं) नाव काढू नका.

गूळशेंगदाणे
डेंगीत सगळे प्लेटलेटवर नजर ठेवून बसतात. दीड लाखाच्या वर गेल्या की बूट काढले बाहेर! प्लेटलेट तशा लवकर भरतात, यकृत मागे रेंगाळतं. त्यामुळे एसजीओटी-एसजीपीटी (रक्ततपासणीतले यकृताचे आकडे) खाली आलेत का तेही बघायचं. यात एक गोची आहे. जोरदार पळण्यानेही एसजीओटी वाढतं, कारण ते स्नायूंतही असतं. रविवारी २५ किलोमीटर पळून सोमवारी रक्त दिलंत तर रिपोर्ट बघून डॉक्टरही बुचकळ्यात पडतील. तपासणीआधीचा आठवडा हलकाच ठेवा आणि पळता हे डॉक्टरांना सांगा.

अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको. डेंगीत रक्तस्रावाची भीती म्हणून नको, आणि बरं झाल्यावर रेसच्या सकाळीही नको. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळतात.

सदाफुली_७
पपईच्या पानांचा रस राहिला ना 😄

गूळशेंगदाणे
काकूंसमोर विषय काढू नका, प्लेटलेट पाच लाख असल्या तरी पाजतील.

घोटा_आणि_गुडघा
फिजिओथेरपीतली एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. टायफॉइडला, लघवीच्या संसर्गाला दिलेल्या अँटिबायोटिकच्या नावाचा शेवट 'फ्लॉक्सासिन' असा आहे का बघा: सिप्रोफ्लॉक्सासिन, ओफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन. या गटाने टाचेमागची जाड शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी कंडरा) कमकुवत होऊ शकते, क्वचित तुटतेही. गोळ्या संपल्या की धोका संपला असंही नाही, पुढे काही महिने तो राहू शकतो. साठीपुढच्यांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना जास्त.

तपासायचं असं. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकायच्या आधी टाचेच्या वर चार बोटं चिमटीत धरून दाबा. एका बाजूला दुखतंय, जाड लागतंय किंवा पाऊल हलवताना करकर जाणवते तर चढ आणि वेगाचा सराव बंद. शीर ताणण्याचे व्यायामही बंद. लोक नेमके तेच वाढवतात.

तिसरी_सीट
पळण्याचं बाकीचे सांगतील, मी प्रवासाचं सांगतो. आजारातून उठलेल्या माणसाला रविवार नाही, शनिवार मारतो.

बिब रेसच्या दिवशी मिळत नाही. आधी एक्स्पोत (शर्यतीआधीच्या प्रदर्शनात) जाऊन मूळ ओळखपत्र दाखवून घ्यावं लागतं, आणि गेली काही वर्षं एक्स्पो बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) असतो. शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरलात, बॅग घेऊन बीकेसी गाठलंत, रांगेत उभं राहिलात, स्टॉल बघितलेत, परत सीएसएमटीजवळ फोर्टात आलात, की घड्याळात पंधरा हजार पावलं पडलीच म्हणून समजा. म्हणून गुरुवारी रात्री निघा. शुक्रवारी सकाळी पोचा, दुपारी बिब घ्या, शनिवार पूर्ण आडवा. रजा नसेल तर निदान स्टॉल बघू नका.

बीकेसी ते सीएसएमटी आता भुयारी मेट्रो ३ थेट आहे, टॅक्सीत दीड तास घालवू नका. बाहेरगावच्यांसाठी आणखी एक: रिक्षा दक्षिणेकडे माहीम-सायनच्या पुढे येत नाही. फुल (४२ किलोमीटर) सीएसएमटीहून सुटते आणि हाफ (२१ किलोमीटर) गेली काही वर्षं माहीमच्या रेतीबंदरहून, तेव्हा खोली घेताना कोणती शर्यत आहे ते बघून घ्या. त्या पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात, वेळा काही दिवस आधी जाहीर होतात. हॉटेलं परवडत नसतील तर सीएसएमटीची रिटायरिंग रूम पीएनआरवर मिळते. लवकर बघा, लगेच भरते.

मिरजकर
महालक्ष्मीला लोअर बर्थ मिळाला तर सोन्याहून पिवळं. साईड अप्पर मिळाला तर पाय दुमडूनच मुंबई.

तिसरी_सीट
साईड अप्परवर सहा फुटी माणूस म्हणजे घडी घातलेली खुर्ची. एसी डब्यात आणखी एक, झरोका थेट तोंडावर नको. खोकला अजून असेल तर कोरड्या गार हवेने रात्रभर उबळ येते. रेल्वेचं पांघरूण असतंच, कानटोपी आपली न्या. कोणी हसत नाही.

आजीचा_बटवा
खूप पसरट लिहिलंय सगळ्यांनी, पण ओआरएसचं कुणीच नाही?! पुडी दोन मापांत येते: मोठी २१.८ ग्रॅम एक लिटरसाठी, छोटी ४.४ ग्रॅम २०० मिलीसाठी. मोठी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतली की ते औषध न राहता उलटीचं निमित्त होतं. 'अर्धी पुडी अर्ध्या लिटरला' हेही नको, भुकटी पुडीत सारखी मिसळलेली असेलच असं नाही. छोट्या पुड्या घ्या.

आणि टेट्रापॅकमधली गोड सरबतं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम, बस्स. त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

जेल (पळताना खायची साखरेची घट्ट पेस्ट) साध्या पाण्यासोबत घ्या. जेल आणि वर ओआरएस म्हणजे पोटात पाक. टायफॉइडमधून उठलेलं आतडं तो पाक मार्गातल्या पेडर रोडच्या चढाआधीच परत करतं, कुठून ते विचारू नका.

सदाफुली_७
🙈 जेवताना वाचतेय मी

पहाटपळी
@आजीचा_बटवा उलटी बाजूही सांगा ना. आजारपणात 'पाणी पी, पाणी पी' ऐकून लोक प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी रिचवतात.

आजीचा_बटवा
हो, तेही वाईटच. रक्तातलं सोडियम पातळ होतं. अंगठी घट्ट व्हायला लागली, मळमळ, डोकं जड, आणि लघवी मात्र पांढरी स्वच्छ, तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय तंबूत जा. घरचा उपाय वजनकाटा. लाँग रनच्या आधी आणि नंतर कोरड्या कपड्यांवर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर जास्त ढोसलंत.

उताराचा_राजा
चिकनगुनियावाल्यांसाठी वेगळा हिशोब. ताप चार दिवसांत जातो, सांधे महिनोन् महिने हिशोब मागतात. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. चहाचा कप उचलताना मनगट कुरकुरतंय आणि अर्धा तास झाला तरी मूठ वळत नाही, तर पळणं नाही. दुसरी परीक्षा जिन्याची. चढून नाही, उतरून. दोन मजले कठडा न धरता, पाय तिरपे न टाकता उतरता आलं पाहिजे. मुंबईत लोक पेडर रोडच्या चढाला घाबरतात, पण घोट्यांना खातो तो त्यानंतरचा उतार आणि उड्डाणपूल. उतारावर पावलं आखूड टाका, टाच आपटू नका.

मिरजकर
आमच्याकडे चढ म्हणजे दंडोबाच्या डोंगराचा. पेडर रोडला चढ म्हणायला मुंबईकरच पाहिजेत

उताराचा_राजा
३४ किलोमीटर पळून या मग दंडोबाला, बोलू 😀

इसीजी_काढा
एकच गोष्ट, पण तीच महत्त्वाची. आजाराच्या काळात किंवा नंतर छातीत दुखलं, धडधड झाली, जिना चढताना न शोभणारी धाप लागली, चक्कर येऊन पडलात, यांतलं एक जरी असेल तर रेसचा विषय बंद. कोविडनेच नाही, इतर विषाणूंनीही हृदयाच्या स्नायूला सूज येते. सूज ठरली तर जोरदार व्यायामाला ३ ते ६ महिने बंदी आणि मग पुन्हा तपासण्या. ईसीजी, ट्रोपोनिन, इको यांतलं काय लागेल ते डॉक्टर ठरवतील.

धडधड नसेल पण उभं राहिलं की गरगरत असेल तर घरी एवढं करा. पाच मिनिटं आडवं पडून नाडी मोजा, मग भिंतीला न टेकता दहा मिनिटं उभे राहा, दर दोन मिनिटांनी मोजा. सोबत कुणीतरी असू द्या. ३० ठोक्यांपेक्षा जास्त वाढून तशीच टिकली तर डॉक्टरांना दाखवा. पहाटे सुटायच्या आधी गर्दीत नुसतं उभंच बराच वेळ राहावं लागतं, हे ध्यानात घ्या.

कोपऱ्यातली_खुर्ची
हे सगळं वाचून घरीच बसावंसं वाटतंय

इसीजी_काढा
दहापैकी सात जणांनी बसावंच.

संथ_गती
बसायचं नसेल त्यांच्यासाठी. १९६६ मध्ये डॅलसला पाच तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. प्राणवायू वापरायची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली, आणि ते ठणठणीत होते बरं का, ताप नाही की काही नाही. नंतरच्या सुमारे दोन महिन्यांच्या सरावात ती भरून निघाली. तेव्हा दोन आठवडे अंथरुणात गेले असतील तर जुना पेस (पळायचा वेग) विसरा.

ढोबळ हिशोब असा: जितके दिवस अंथरुणात, तितके दिवस नुसतं चालणं. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं २० मिनिटं. दुसऱ्या दिवशीची सकाळची नाडी वर गेली नाही तरच पुढची पायरी. रेसपर्यंत ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं इथवर आलात तर तोच रेसचा बेत. पहिल्या किलोमीटरपासून चाला, दमल्यावर नाही. गर्दी पुढे जाताना बघवत नाही, पण बघायची. पेसरच्या (ठरावीक वेगाने पळून इतरांना नेणाऱ्याच्या) बसमध्ये, म्हणजे त्याच्यामागच्या घोळक्यात, चढू नका, ती बस तुमच्यासाठी थांबत नाही.

आणि सोडायचं कुठे ते आधी ठरवा. वांद्रे-वरळी सी लिंक ५.६ किलोमीटर सलग आहे, मधे गल्ली नाही, झाड नाही, टॅक्सी नाही. शंका असेल तर पुलावर चढायच्या आधी बाजूला व्हा. मार्ग दरवर्षी थोडा बदलतो, नकाशावर खूण करून ठेवा. बिबच्या पिशवीत मेट्रोपुरते पैसे.

सातासमुद्रापार
परदेशी जाणाऱ्यांसाठी दोन ओळी. मार्चमध्ये टोकियोला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट वाचा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानात नेता येत नाहीत. तसंही त्या गोळीने नाडी वाढते, पळताना नकोच. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, ब्रँड तिकडे कुणाला कळत नाही.

तिसरी_सीट
परतीचं राहिलं. रविवारी दुपारच्या गाडीचं तिकीट काढून ठेवतात लोक. मेगाब्लॉक असतो, दादर-कल्याण गाठताना पळण्यापेक्षा जास्त दम लागतो. रात्रीची गाडी घ्या. गाडीत तासाला एकदा उठून दारापर्यंत जाऊन या, पोटऱ्या सुजवून बसू नका. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर गाडी सोडा आणि दवाखाना गाठा, स्नायू फुटल्याची खूण असते ती.

गूळशेंगदाणे
कुणी 'मी नाही जात, बिब तू घे' करू नका प्लीज. मागे रक्तगट आणि घरचा नंबर तुमचा, रस्त्यावर पडलेला माणूस दुसराच.

पहाटपळी
आणि 'चालू औषधे'समोर रेघ नको. गोळीचं नाव, मिलिग्रॅम, शेवटची कधी घेतली. बॉलपेनने लिहा, शाईपेन घामाने पसरतं.

कोपऱ्यातली_खुर्ची
पहाटे तीनला खायचं काय पण? खोलीत ना गॅस ना काही

आजीचा_बटवा
घरून दशम्या न्या, दुधातल्या. दोन दिवस टिकतात, पोटाला हलक्या. सोबत केळं. दाण्याची चटणी नको, तिखट नको. आजारातून उठलेल्याने राजगिऱ्याचा लाडू आधी एखाद्या लाँग रनला खाऊन बघा, मगच.

मिरजकर
दशम्या गुळाच्या की साध्या?

आजीचा_बटवा
गुळाच्या. कृती वेगळ्या धाग्यात टाकते, इथे मारतील मला.

सदाफुली_७
टाका टाका. आणि सीएसएमटीबाहेर पहाटे चारला चहा मिळतो का हो कुठे?