मदत हवी आहे : षष्टिमान (साठ पाया असलेल्या) पद्धतीत पूर्ण संख्या कशा लिहून दाखवाव्यात?

सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात मी आठवीला गणित शिकवतो. द्विमान पद्धतीनंतर षष्टिमान घेतले, कारण घटी, पळे, विपळे ही साठाची उतरंड पंचांगामुळे इथल्या घरांतून अजून पुरती गेलेली नाही. ४००० ला आधी ३६०० ने व उरलेल्या ४०० ला ६० ने भागले की १, ६, ४० हे अंक मिळतात, इथवर मुले बरोबर येतात.

अडचण लेखनाची आहे. एक लाखाचे अंक २७, ४६, ४० येतात. ते स्वल्पविरामांनी लिहिले, तर वर्ग सरळ ‘दोन लाख चौऱ्याहत्तर हजार सहाशे चाळीस’ वाचून मोकळा होतो. षष्टिमान लेखनात अर्धविराम (;) पूर्णांक व अपूर्णांक वेगळे करण्यासाठी रूढ असल्याने तो मला नको आहे. बॅबिलोनियात एकाची उभी खूण व दहाची कोनासारखी खूण पुन्हा पुन्हा उमटवून ५९ पर्यंतचा प्रत्येक अंक लिहीत, म्हणून मुलांनी पऱ्हाटीच्या काडीने ओल्या मातीत तेही करून पाहिले (हात मजेत माखले). परंतु तिथे शेवटच्या रिकाम्या स्थानाला चिन्हच नसल्याने १, ६० आणि ३६०० एकसारखेच दिसतात.

तेव्हा स्थाने वेगळी दाखवण्यासाठी आपण वर्गात कोणते चिन्ह वापरता, आणि ७२०० हे २, ०, ० असे लिहिताना शून्याची गरज मुलांना कशी पटवता, हे कृपया सविस्तर सांगावे.