लेमन ट्विग्जचा 'एव्हरीथिंग हार्मनी' : नुसती नक्कल म्हणून सोडून द्यायचा का हा अल्बम?

आयर्विनपार
सांगलीत रॉक ऐकणारे तसे मोजकेच, त्यातल्या कुणाला हा अल्बम ऐकवला की दोन मिनिटात तेच उत्तर, "हे तर बीटल्ससारखं वाजतंय की", आणि विषय संपला. मला हे पटत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. द लेमन ट्विग्ज म्हणजे ब्रायन आणि मायकेल डॅडारिओ, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे दोघं सख्खे भाऊ. वडील रॉनी स्वतः गाणी लिहिणारे, त्यामुळं वाद्यं लहानपणापासून घरातच. पहिला अल्बम 2016 ला आला तेव्हा दोघं विशीच्या आतले होते. 'एव्हरीथिंग हार्मनी' मे 2023 चा, ब्रुकलिनच्या कॅप्चर्ड ट्रॅक्स या इंडी लेबलवर, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र लेबलवर. लिहिणं, गाणं, बहुतेक वाद्यं, प्रोड्युस करणं, सगळं दोघंच.

आता जुन्याचा वास येतो का? येतो, भरपूर येतो. साठ-सत्तरच्या दशकातले अमेरिकन गाणारे, म्हणजे बीच बॉईज, सायमन आणि गारफंकल, बर्ड्स, बिग स्टार सगळे ऐकू येतात. पण बिग स्टारचंच बघा, त्यांचा पहिला अल्बम 1972 चा आणि तेव्हा तो खपलाच नाही फारसा. नुसतं लोकांच्या आठवणीवर पैसे कमवायचे असते तर या पोरांनी न खपलेल्या बँडची वाट कशाला धरली असती? आणि 'न्यू टू मी' हे गाणं ऐका, जवळच्या माणसाची आठवण पुसत चाललीये आणि आपण त्याच्यासमोर बसलोय याबद्दलचं. ते दुःख काय 1966 मधून उचलून आणलेलं नाही, ते त्यांचं आत्ताचं आहे, फक्त ज्या भाषेत त्यांना बोलता येतं त्या भाषेत सांगितलंय. मला तरी हा त्या वर्षातला सगळ्यात मनापासून केलेला अल्बम वाटतो.

हंड्रेड फुटी
भावा पोस्ट चांगलीये पण मी उलट बाजूचा. गाणी वाईट आहेत असं म्हणतच नाही मी, चाली गोड आहेत, हार्मनी, म्हणजे एकावर एक बसवलेले आवाज, तर जबरदस्त. पण तू ज्यांची नावं घेतलीस ते लोक त्यांच्या काळात काय करत होते ते बघ ना. 1965 ला बीटल्सचा 'रबर सोल' ऐकून बीच बॉईजचा ब्रायन विल्सन पेटून उठला आणि पुढच्याच वर्षी 'पेट साउंड्स' काढला, त्यात सायकलचा हॉर्न, कुत्र्यांचं भुंकणं, थेरमिनसारखं (हात न लावता वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजणारं वाद्य, मिळेल ते घातलं त्यानं, कारण डोक्यातला आवाज आधी कुठं अस्तित्वातच नव्हता. त्याच्याकडून शिकायचं असेल तर ती बेचैनी शिकावी ना, त्याच्या रेकॉर्डिंगमधला घुमणारा आवाज (रिव्हर्ब) कशाला?

अजून एक, आणि हे मला जास्त लागतं. आपल्या पोरांसमोर अ‍ॅपवर आधीच सगळं जुनं ताटात वाढलेलं असतं, साठ सत्तर वर्षांची गाणी एका बोटावर. आज नवीन काही करणाऱ्या बँडला आधी त्या सगळ्यांशी झगडून कानापर्यंत पोचावं लागतं. अशात इंडीवालेच जुन्याची री ओढायला लागले तर आजच्या काळाचा आवाज कोण शोधणार? मोठ्या कंपन्या तर शोधणार नाहीतच.

ऑर्केस्ट्रातला गिटार
मी सांगली, तासगाव, इस्लामपूर भागात ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपती नवरात्र लग्नं सगळं. नक्कल म्हणजे काय हे आम्हाला विचारा राव, आमचं पोटच त्याच्यावर आहे आणि त्याची मला अजिबात लाज नाही, डिट्टो वाजवायला पण तयारी लागते. पण डिट्टो वाजवताना चाल तयार असते, कुठं थांबायचं कुठं सुटायचं सगळं कुणीतरी आधी ठरवून ठेवलेलं असतं. या दोघांना ते कुणी ठरवून दिलेलं नाही. चाल त्यांची, शब्द त्यांचे. गिटारचा टोन बारा तारांचा जुन्या पद्धतीचा आहे म्हणून गाणं जुनं होत नाही हो.

आणि एक गोष्ट जी इथं कुणीच बोललं नाही. सख्ख्या भावांचा आवाज. आमच्याकडं कोरसला दोन वेगवेगळ्या घरची पोरं उभी केली की सूर बरोबर लागतो पण 'आ' आणि 'ओ' वेगळे उघडतात, एकाचं तोंड मोठं उघडणार एकाचं कमी, एक शब्द आधी सोडणार एक नंतर, मग मी आपला सांगत बसतो की 'स' एकानंच म्हणा दुसऱ्यानं गिळा. एका घरात वाढलेल्यांना हे सांगावं लागत नाही. एव्हरली ब्रदर्स या जुन्या अमेरिकन भावांच्या जोडीचं तेच होतं आणि बीटल्सवाले लेनन मॅकार्टनी ते ऐकून ऐकूनच दोन आवाजात गायला शिकले. 'कॉर्नर ऑफ माय आय' हेडफोन लावून रात्री ऐका, वाद्यं अगदी कमी आहेत, दुसरा आवाज पहिल्याच्या खाली कधी येऊन बसला ते कळतच नाही, ओळ संपायला आली की लक्षात येतं की अरे हे दोघं आहेत. हे बसवायला किती घासावं लागतं ते मला माहितीये, म्हणून माझं मत अल्बमच्या बाजूनं.

मिरज जंक्शन
वरच्या दादांचं आवाजाचं निरीक्षण एकदम बरोबर, मानलं. पण मला हंड्रेड फुटीचं म्हणणं जास्त पटतं आणि कारण वेगळंय.

आम्ही मिरजेचे, परंपरा म्हणजे काय ते गल्लीत दिसतं आम्हाला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 ला गेले, अजून मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला त्यांच्या आठवणीत गाणं होतं. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. घराणं एकच, सुराचा तोच ध्यास, पण खाँसाहेबांचा तो बारीक, हळवा आवाज आणि भीमसेनजींची ती गर्जना ऐका लागोपाठ. पहिल्या आलापात कळतं कोण गातंय. शिकले तेच पण बाहेर आले ते स्वतः होऊन.

लेमन ट्विग्ज ऐकताना मला माणूस ओळखू येत नाही, रेकॉर्डचं कपाट ओळखू येतं. हे गाणं त्या खणातलं, ते गाणं त्या खणातलं. गायकी पुढं नेणं वेगळं आणि रेकॉर्डिंगचा आवाज जसाच्या तसा परत उभा करणं वेगळं. जुनी मशीनं, टेप, जुने माइक याचं यांना एवढं वेड का असावं? गाणं पक्कं असेल तर ते फोनवर रेकॉर्ड केलं तरी उभं राहतं.

कॉलेजकट्टा विलिंग्डन
मी विशीतली आहे आणि मला ही सगळी जुनी नावं या अल्बममुळंच कळली. बिग स्टार कोण हे मला माहीत नव्हतं. माझ्यासाठी हे जुनं नव्हतंच, पहिल्यांदाच ऐकत होते मी. सगळे आधी ते ऐकून मग हे ऐकणार असं गृहीत का धरताय?

आयर्विनपार
@विलिंग्डन हे फार महत्त्वाचं बोललीस.

@मिरज जंक्शन, घराण्याचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, पण भीमसेनजी काही पंचविशीत ते भीमसेनजी झाले नाहीत, त्यांना वर्षं लागली. या पोरांना तुम्ही तेवढा वेळ द्यायलाच तयार नाही. आणि @हंड्रेड फुटी, हे दोघं बेचैन नाहीत असं कसं म्हणतोस? 2018 ला यांनी 'गो टू स्कूल' म्हणून अख्खा म्युझिकल, म्हणजे गाण्यांतून गोष्ट सांगणारा अल्बम काढला, माणसाचं पोर म्हणून वाढवलेला चिंपांझी शाळेत जातो आणि तिथं त्याचे हाल होतात, आणि त्या चिंपांझीच्या बापाच्या आवाजासाठी कुणाला घेतलं तर टॉड रंडग्रेनला, सत्तरच्या दशकातल्या नावाजलेल्या अमेरिकन गायक-निर्मात्याला! लोक म्हणाले फार झालं, फार पसरट. मग पाच वर्षांनी साधी, शांत, मोजकी गाणी केली तर लोक म्हणतात धोका पत्करत नाहीत. आरडाओरडा करायची सवय असलेल्यानं आवाज कमी करणं हाही मोठा धोकाच आहे माझ्या मते.

टेपबद्दल. टेपवर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज ठेवायच्या जागा, मोजकेच मिळतात. कॉम्प्युटरवर शंभर आवाज ठेवून नंतर बघू असं चालतं, टेपवर दोन आवाज एकत्र करून टाकले की टाकले, परत सुटे करता येत नाहीत. म्हणजे गातानाच ठरवावं लागतं कुणी किती मोठ्यानं गायचं. ऑर्केस्ट्रावाल्या दादांनी जे ऐकलं ना, दुसरा आवाज खाली येऊन बसणं, ते या अशा काम करण्यातून येतं. ती नुसती हौस नव्हे.

हंड्रेड फुटी
चिंपांझीवाला अल्बम मी ऐकलाय आणि खरं सांगू, तोच मला जास्त आवडतो! फसलेला असेल, पण तसला दुसरा अल्बम दाखव मला. 'एव्हरीथिंग हार्मनी' सारखे मी तुला आत्ता पाच दाखवतो. माझी तक्रार तीच आहे की ज्यांच्यात ते करायची धमक आहे त्यांनी हे का करावं. बाकी विलिंग्डनच्या मुद्द्याला माझ्याकडं उत्तर नाही, पण तिनं आता बिग स्टार ऐकून झाल्यावर परत हा अल्बम लावावा आणि तेव्हा काय वाटतं ते इथंच लिहावं.

कॉलेजकट्टा विलिंग्डन
ऐकून झालाय की बिग स्टारचा पहिला, पूर्ण. भारी आहे, गिटार तर फारच. तरी 'न्यू टू मी' मला अजून जवळचं वाटतं. आमच्या आजीचं तसंच चाललंय सध्या, मला ती आईच्या नावानं हाक मारते.

ऑर्केस्ट्रातला गिटार
बाळ, आजीला सांभाळ. आणि सांगलीत कुणाला हे गाणं दोन आवाजात बसवायचं असेल तर मला मेसेज करा, गिटार मी धरतो, गणपतीच्या तारखा सोडून कधीही.