१६०० ते १८०० मधलं इंग्रजी साहित्य मुळातून वाचताना : क्रम, प्रत आणि फसवे शब्द

पानकोर

नमस्कार मंडळी. सतराव्या आणि अठराव्या शतकातलं इंग्रजी साहित्य मुळातून वाचायचं आहे. रोज दीड तास, असे दहा महिने देता येतील. साहित्येतिहास वाचून झाला, नावं आणि सनावळी डोक्यात आहे, पण मूळ मजकूर उघडला की अडायला होतं.

पहिली अडचण क्रमाची. कवी जॉन डनपासून सुरू करून सरळ खाली यावं का? दुसरी प्रतींची. मिल्टनचं ‘पॅराडाइज लॉस्ट’ कुठे दहा सर्गांचं म्हणतात, कुठे बारा. अलेक्झांडर पोप या कवीचं ‘द रेप ऑफ द लॉक’ दोन सर्गांचंही दिसतं, पाचांचंही. मग वाचायचं कोणतं? तिसरी अडचण जास्त छळते : शब्द सगळे ओळखीचे असतात, तरी वाक्य हाती लागत नाही. शिवाय जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये शब्द शोधला तर पानावर डोळ्यांना दिसणारा शब्दही सापडत नाही. हे का होतं?

मुद्रितशोधक

प्रतींपासून सुरुवात करतो, कारण ते ठरल्याशिवाय बाकीचं वाचन भुसभुशीत जमिनीवर उभं राहतं.

‘पॅराडाइज लॉस्ट’ १६६७ साली दहा सर्गांत छापलं गेलं. १६७४ च्या दुसऱ्या आवृत्तीत मिल्टनने सातव्या आणि दहाव्या सर्गाचे दोन-दोन भाग केले, जोडासाठी काही ओळी घातल्या आणि बारा सर्ग झाले. आजची जवळजवळ सगळी पुस्तकं १६७४ चा पाठ देतात, तोच वाचा. मात्र जुन्या टीकेत ‘दहावा सर्ग’ असा उल्लेख आला तर तो कोणत्या आवृत्तीतला, हे तपासा.

पोपच्या बाबतीत प्रकरण जास्त नाजूक आहे. १७१२ चं ‘रेप ऑफ द लॉक’ दोन सर्गांचं. त्यात वायुरूप सिल्फ नाहीत आणि पत्त्यांचा डावही नाही. हे सगळं १७१४ च्या पाच सर्गांत आलं. क्लॅरिसा या पात्राचं समजुतीचं भाषण तर १७१७ मध्ये जोडलं गेलं. म्हणजे त्या भाषणाच्या आधारे ‘कवीने ही कविता या बोधासाठी लिहिली’ असं विधान केलं, तर पहिल्या दोन रूपांना ते लागूच होत नाही. पोपच्याच ‘द डन्सियड’ या उपहासकाव्यात तर नायकच बदलतो : १७२८ मध्ये तीन सर्ग आणि थिओबाल्ड, १७४३ मध्ये चार सर्ग आणि सिबर.

स्विफ्टचं ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ १७२६ मध्ये लंडनला मॉटने छापलं, तेव्हा खटल्याच्या भीतीने काही मजकूर सौम्य केला गेला. १७३५ ची डब्लिनची फॉकनरची प्रत बहुतेक संपादक आधाराला घेतात. तिसऱ्या भागातला लिंडालिनो शहराच्या बंडाचा प्रसंग मात्र त्यातही नाही, तो छापला गेला १८९९ मध्ये. रिचर्डसनने ‘पामेला’ ही कादंबरी आयुष्यभर सुधारली. १७४० च्या पाठात मोलकरणीची बोली आहे, १८०१ मध्ये छापलेल्या पाठात ती बरीच घासूनपुसून सभ्य केलेली दिसते. वर्ग आणि भाषा यांवर लिहायचं असेल तर १७४० चाच पाठ हवा.

म्हणून पुस्तक घेताना ‘संपादकीय टिपण’ हे प्रकरण आधी उघडा. पाठ कोणत्या सालच्या प्रतीवरून घेतला, वर्णलेखन (स्पेलिंग) आधुनिक केलं का, विरामचिन्हं कोणाची, एवढं तिथे लिहिलेलं नसेल तर ते पुस्तक अभ्यासाला घेऊ नका.

डनबद्दल वेगळी सावधगिरी. तो १६३१ मध्ये वारला, कविता पुस्तकरूपाने १६३३ मध्ये आल्या. त्याआधी त्या हस्तलिखित नकलांतून फिरत होत्या आणि त्या नकलांत पाठभेद आहेत. ‘सॉंग्ज अँड सॉनेट्स’ हा मथळासुद्धा १६३५ च्या आवृत्तीतला. ‘ही तरुणपणीची, ती उतारवयातली’ अशा कालक्रमावर युक्तिवाद उभारला तर पाया कच्चा राहतो.

तारखांचा घोळही आताच मिटवून टाका. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपल्या हिशेबाने ३० जानेवारी १६४९ चा, पण त्या वेळच्या कागदांत सन १६४८ दिसतो. १ जानेवारी ते २४ मार्चमधली कोणतीही तारीख आली की संपादकाने सन बदलून दिला आहे का ते बघा. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, हेही पत्रव्यवहार वाचताना लागतं.

यतिभंग

क्रमाबद्दल माझं ठाम मत : डनपासून सुरू करू नका. मधून सुरू करा.

पहिला महिना अ‍ॅडिसन आणि स्टील यांच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातले निबंध. मार्च १७११ ते डिसेंबर १७१२ मध्ये ५५५ अंक निघाले, त्यांतले तीसेक निवडून रोज एक वाचा. या गद्याची वाक्यरचना आजच्या इंग्रजीला बरीच जवळची आहे आणि त्या काळाची शब्दसंपत्ती अलगद अंगवळणी पडते. मग स्विफ्टचं ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ (१७२९). तिथे एक चूक हमखास होते : बोलणारा माणूस आणि स्विफ्ट यांना एकच धरलं जातं. गरिबांची मुलं खाण्यासाठी विकावीत असं सुचवणारा तो हिशेबनीस एक लाख वीस हजार मुलांतली वीस हजार पैदाशीसाठी राखायला सांगतो, हे त्या पात्राचं गणित. शेवटाकडे ‘दुसरे उपाय मला सांगू नका’ असं म्हणत तो एक यादी झटकून टाकतो : परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, देशात बनलेलंच कापड वापरणं वगैरे. स्विफ्टचे खरे प्रस्ताव ते आहेत. तो परिच्छेद सापडला की सगळा लेख उलगडतो.

त्यानंतर ड्रायडन आणि पोप यांच्या द्विपदी, मग मागे मिल्टन, आणि तोवर कान तयार झाला की हर्बर्ट, डन, मार्व्हेल. कादंबऱ्या अधूनमधून चालू ठेवा. आफ्रा बेनची ‘ओरूनोको’ (१६८८) लहान आहे, तिथून सुरू करता येईल.

वेळेचा हिशेब आधी मांडा. रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ ही कादंबरी नऊ लाख शब्दांहून मोठी आहे. मिनिटाला दोनशे शब्दांचा वेग धरला तरी पंचाहत्तर तास, म्हणजे तुमच्या रोजच्या दीड तासात पन्नास दिवस. इतका वेळ द्यायचा नसेल तर आत्ताच सोडा, अर्धवट ठेवू नका. ‘पॅराडाइज लॉस्ट’चे पहिले, दुसरे, चौथे आणि नववे सर्ग मात्र शब्दशः वाचा.

आता छंद. आपला कान लघु-गुरूंवर आणि मात्रांवर घडलेला असतो. इंग्रजी ओळीत अक्षराची लांबी मोजायची नसते, आघात मोजायचा असतो. दहा अक्षरं, पाच आघात. लांब स्वर दिसला की गुरू, असं धरलंत तर सगळी ओळ विस्कटते. पद्धत अशी : आधी मोठ्या शब्दांचा नेहमीचा आघात पेन्सिलीने खुणवा, कारण तो सहसा हलत नाही. मग अक्षरं मोजा. अकरा भरली तर कुठे दोन अक्षरं मिळून एक झाली आहेत ते शोधा. मिल्टनच्या पहिल्याच ओळीत ‘डिसओबीडियन्स’ची शेवटची दोन अक्षरं एक धरली तरच दहा जमतात. ‘हेवन’ बहुधा एकाक्षरी असतो. जुन्या छपाईतलं लोपचिन्ह (अ‍ॅपॉस्ट्रॉफी) हेच सांगतं, म्हणून आधुनिक वर्णलेखनाच्या प्रतीत ते काढलेलं असेल तर छंद मोजायला ती प्रत निकामी.

दुसरी अडचण यतीची. चरण संपला की अर्थही थांबावा, ही आपली वृत्तांची सवय पोपला चालते, मिल्टनला नाही. त्याचं पहिलं वाक्य सोळा ओळींचं आहे आणि मुख्य क्रियापद ‘सिंग’ सहाव्या ओळीच्या आरंभी येतं. ओळीच्या टोकाला थांबू नका, विरामचिन्हापर्यंत चला आणि आधी क्रियापद शोधा. क्रियापदाची वाट पाहणं मराठी माणसाला खरं तर अवघड जाऊ नये, आपलं वाक्य तर रोजच तिथे संपतं.

यमक चुकलंय असं वाटलं की उच्चार बदललाय असं समजा. पोप ‘टी’ आणि ‘ओबे’ यांचं यमक जुळवतो, कारण चहाचा उच्चार तेव्हा ‘टे’ असाही होता. ‘जॉइन’ आणि ‘लाइन’ही त्याच्या कानाला जुळत. ड्रायडनमध्ये मध्येच तीन ओळींचं यमक येतं. अशा तिकडीची शेवटची ओळ पुष्कळदा बारा अक्षरांची असते. तो दोष नव्हे, वजन द्यायची जागा आहे.

कोशकीटक

तिसऱ्या अडचणीचं मूळ असं, की अनोळखी शब्द आपण कोशात बघतो, ओळखीचा बघत नाही. घात ओळखीचाच शब्द करतो.

मिल्टनच्या अंधत्वावरच्या सॉनेटमध्ये तो ‘फॉन्डली’ विचारतो. अर्थ ‘प्रेमाने’ नाही, ‘खुळेपणाने’. १६११ च्या बायबलमध्ये ‘प्रिव्हेंट’ म्हणजे आधी येणं : स्तोत्रकर्ता पहाट ‘प्रिव्हेंट’ करतो, म्हणजे पहाटेच्या आधी उठतो. ‘डिस्कव्हर’ पुष्कळदा ‘उघड करणं’, ‘वॉन्ट’ म्हणजे ‘उणीव असणं’. अठराव्या शतकात ‘कॅन्डिड’ माणूस स्पष्टवक्ता नसतो, तो दुसऱ्याबद्दल चांगलं धरून चालणारा असतो. ‘कंडिसेन्शन’ ही वरच्या माणसाची स्तुती असू शकते. ‘आर्टिफिशियल’ म्हणजे कौशल्याने केलेलं. आणि ‘एन्थुझिअ‍ॅझम’ ही तर शिवीच्या जवळ जाणारी गोष्ट : देव आपल्याशी थेट बोलतो असा पोकळ विश्वास. गृहयुद्धाच्या काळातले पंथ ज्यांच्या आठवणीत होते, ते लोक हा शब्द धास्तीने वापरत. ‘विट’ एका अर्थात बसवायचा प्रयत्न करू नका. पोपच्या ‘एसे ऑन क्रिटिसिझम’मध्ये (१७११) तो बुद्धी, कल्पकता, चातुर्य आणि खुद्द चतुर माणूस अशा सगळ्या अर्थांनी फिरतो.

उपाय : वाक्य व्याकरणाने बरोबर, पण भाव विचित्र वाटला की त्यातला सर्वांत साधा शब्द आधी पकडा. ऑक्सफर्डच्या ऐतिहासिक कोशात त्या शब्दाचा प्रत्येक अर्थ कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत दिसतो ते बघा. जोडीला जॉन्सनचा १७५५ चा कोश ठेवा. त्यात सुमारे ४२ हजार शब्द आहेत आणि अवतरणं मुख्यतः सोळाव्या शतकातल्या फिलिप सिडनीपासून १६६० मध्ये राजेशाही परत येण्याआधीपर्यंतच्या लेखकांची असल्याने सतराव्या शतकालाही तो उपयोगी पडतो. फक्त त्यातलं अवतरण तसंच उचलू नका. जॉन्सनने ती जागोजागी छाटली आहेत, काही बदललीही आहेत.

वही करा : शब्द, कृती, ओळ, तिथला अर्थ. साठ-सत्तर शब्द झाले की वाचनाचा वेग स्पष्टपणे वाढतो.

मुद्रितशोधक

स्कॅनमध्ये शब्द का सापडत नाही, ते राहिलं होतं. दोष लांब ‘एस’चा. जुन्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा ‘एस’ उभा, लांब असे, शेवटचा मात्र आजच्यासारखा. यंत्र त्या लांब ‘एस’ला ‘एफ’ वाचतं. ‘सन’चा ‘फन’ होतो, ‘सेम’चा ‘फेम’, आणि हे दोन्ही खरे शब्द असल्याने चूक लक्षातही येत नाही. म्हणून प्रत्येक शोध दोनदा घ्या, एकदा ‘एस’ने, एकदा त्या जागी ‘एफ’ घालून. डोळ्यांनी ओळखायचं तर ‘एफ’ची आडवी रेघ दांडीच्या दोन्ही बाजूंना असते, लांब ‘एस’ची फक्त डावीकडे, किंवा नसतेच.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या पुस्तकांत आणखी एक : ‘यू’ आणि ‘व्ही’ उच्चाराने नव्हे, जागेने ठरत. शब्दारंभी ‘व्ही’, मध्ये ‘यू’. त्यामुळे ‘अपॉन’ ‘व्ही’ने सुरू होतो आणि ‘लव्ह’मध्ये ‘यू’ दिसतो. ‘जे’च्या जागी ‘आय’ असतो. तसंच शोधा.

शक्य असेल तिथे यंत्राने वाचलेल्या मजकुराऐवजी माणसांनी टंकलेला मजकूर घ्या. १७०० पर्यंतच्या छापील पुस्तकांचा ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’ हा संग्रह आहे, आणि त्यातल्या हजारो पुस्तकांचा टंकलेला मजकूर खुला झालेला आहे. १७०१ ते १८०० साठी ‘एटीन्थ सेंच्युरी कलेक्शन्स ऑनलाइन’. कोणत्या आवृत्त्या निघाल्या आणि प्रती कुठे आहेत, हे ‘इंग्लिश शॉर्ट टायटल कॅटलॉग’मध्ये बघा.

स्वतः उतरवून घेताना पानाच्या तळाशी उजवीकडचा सुटा शब्द लिहू नका. तो पुढच्या पानाचा पहिला शब्द असतो, बांधणाऱ्याला खूण म्हणून छापलेला. आणि सूक्ष्मपटावरून (मायक्रोफिल्मवरून) केलेल्या काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये कागदावरचा ठिपका स्वल्पविरामासारखा दिसतो. विरामचिन्हावर मुद्दा उभा असेल तर त्याच आवृत्तीची दुसरी प्रत बघा. छपाई चालू असतानाही दुरुस्त्या होत, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत फरक सापडतो.

पानकोर

मनापासून आभार. आजच माझ्याकडच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’चं संपादकीय टिपण काढून बघितलं, पाठ १६७४ चाच आहे. दोन गोष्टी अजून विचारतो. इतिहास आणि बायबल किती वाचावं? आणि ई-पुस्तकावर वाचलं तर चालेल का?

यतिभंग

बायबल थोडं पण नेमकं, १६११ च्या भाषांतरात. मिल्टनआधी उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय आणि प्रकटीकरणाचा बारावा. ड्रायडनच्या ‘अब्सलम अँड अकिटोफेल’आधी शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचे १३ ते १८ अध्याय. ही कविता नोव्हेंबर १६८१ मध्ये, शाफ्ट्सबरीवरचा खटला उभा राहण्याच्या आठवडाभर आधी बाहेर आली. दावीद म्हणजे राजा दुसरा चार्ल्स, अब्सलम म्हणजे त्याचा अनौरस मुलगा मॉन्मथ, अकिटोफेल म्हणजे राजाचा विरोधक शाफ्ट्सबरी, एवढं कळलं की तिची घाई आणि तिचा नेम दोन्ही दिसतात.

इतिहासात राजांपेक्षा छपाई आणि रंगभूमी यांचे कायदे जास्त कामी येतात. १६४२ ला नाट्यगृहं बंद, १६६० ला पुन्हा सुरू. १६९५ मध्ये छपाईपूर्व परवान्याचा कायदा संपला. १७१० मध्ये लेखकहक्काचा कायदा झाला. १७३७ मध्ये नाटकांवर परवाना आला आणि नाटककार हेन्री फील्डिंगची रंगभूमीवरची वाट बंद झाली. तो कायद्याच्या अभ्यासाकडे वळला, आणि १७४० ला ‘पामेला’ आल्यावर आधी तिची टर उडवत, मग ‘जोसेफ अँड्र्यूज’ (१७४२) लिहीत गद्यात उतरला. त्याच्या ‘टॉम जोन्स’ या कादंबरीतले प्रसंग नाटककाराच्या हातचे वाटतात, ते यामुळे.

मुद्रितशोधक

ई-पुस्तकाबद्दल : निबंध आणि बहुतेक कादंबऱ्यांना हरकत नाही. टिपा मात्र चालू पानावरच दिसायला हव्यात, पोपच्या उपरोधिक तळटिपा तर कवितेचाच भाग आहेत. लॉरेन्स स्टर्नची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ (१७५९–६७) ही कादंबरी मात्र साध्या मजकुराच्या फाइलमधून वाचू नका. पहिल्या खंडात योरिक या पात्राच्या मृत्यूनंतरचं काळं पान, तिसऱ्या खंडातलं रंगीत अबरी कागदाचं पान, सहाव्यातलं वाचकासाठी सोडलेलं कोरं पान, हे सगळं अशा फाइलमध्ये गळून जातं. अबरीचं पान तर पहिल्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रतीत वेगळं होतं, कारण ते रंग हाताने उठवलेले होते. ही पानं जागच्या जागी छापलेली आहेत ना, एवढं घेण्याआधी उघडून बघा.