यलोस्टोन: ग्रँड प्रिझमॅटिक आणि मॅमथ कधी, कुठून बघायचं?

रानवाट: नमस्कार मंडळी, जूनच्या शेवटी अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचं ठरतंय, सोबत सासूबाई (गुडघ्यांचा त्रास आहे) आणि सहा वर्षांचा मुलगा. सगळ्यांना तो ग्रँड प्रिझमॅटिक या गरम पाण्याच्या झऱ्याचा निळा गोल बघायचाय पण काही जण म्हणतात प्रत्यक्षात नुसती वाफच दिसते, आणि मॅमथ (तिथलेच पायऱ्यापायऱ्यांचे गरम झरे) म्हणे आता पांढराफटक ढिगारा झालाय, जाऊच नका. खरं काय? पहाटे निघून गर्दीच्या आधी पोचायचा विचार आहे.

खडकवेडा: प्रिझमॅटिकला पहाटे नका जाऊ हो! हवा गार, पाणी ७० अंशांच्या वर, वाफेत काही दिसत नाही. ऊन चांगलं चढलं की जा, गर्दी असेल पण रंग दिसतील. आणि फोटोतला अख्खा गोल मिडवे बेसिनच्या (झरा आहे तो भाग) बोर्डवॉकवरून, म्हणजे लाकडी पायवाटेवरून, दिसत नाही, तो १०० मीटरपेक्षा रुंद आहे आणि आपण त्याच्याच पातळीवर उभे असतो. त्यासाठी फेअरी फॉल्सच्या पार्किंगला गाडी लावून ओव्हरलुकला (उंचावरून बघायची जागा) जायचं, जेमतेम एक किलोमीटर, शेवटी चढ आहे. सासूबाईंना चढ नाही झेपला तरी बोर्डवॉक अजिबात सोडू नका, काठावरचा तो केशरी-तपकिरी सुरकुतलेला थर जवळून बघाच, वरून बोटभर पाणी सरकत असतं, आणि तो रंग दगडाचा नाही, जिवंत सूक्ष्मजीवांचा आहे! मधे पाणी इतकं कढत की तिथे ते टिकत नाहीत म्हणून स्वच्छ निळं दिसतं, बाहेर जसजसं निवतं तसतसे वेगळे जीव, वेगळा रंग. उन्हाळ्यात केशरी जास्त, थंडीत हिरवट.

चुनखडी: मॅमथला ढिगारा म्हणतात तेव्हा खरंच वाईट वाटतं. जमिनीखाली चुनखडी आहे, कार्बन डायऑक्साइड मिसळलेलं गरम पाणी ती विरघळवत वर येतं, वर आलं की वायू उडून जातो आणि चुना थरावर थर बसतो, त्याच्याच त्या पायऱ्या. मग वाटा बुजतात आणि पाणी दुसरीकडून फुटतं. जिथलं पाणी गेलं तिथले सूक्ष्मजीव मरतात, पांढरं पडतं, पुढे राखाडी. म्हणजे झरे आटलेत असं नाही, पाण्याने जागा बदललीय. पोचल्यावर व्हिजिटर सेंटरला विचारा सध्या कुठे वाहतंय, कॅनरी आणि पॅलेट स्प्रिंगचं आवर्जून विचारा.

आभाळमाया: मुलाचा हात बोर्डवॉकवर एक क्षणही सोडू नका प्लीज. बाजूची जमीन टणक दिसते पण पातळ पापुद्रा असतो, खाली उकळतं पाणी. या पार्कात गरम पाण्याने भाजून आत्तापर्यंत २० हून जास्त माणसं गेलीत. वाऱ्याने टोपी उडाली तर उडू द्या. आणि नाणी-खडे टाकायचे नाहीत हे त्याला आधीच सांगून ठेवा, मॉर्निंग ग्लोरी पूलमधे लोकांनी इतकं काय काय टाकलं की खालून गरम पाणी यायची वाट बुजत गेली, पूल निवला आणि पूर्वीचा निळा रंग जाऊन कडेने पिवळा-केशरी चढला.

रानवाट: खूप आभार सगळ्यांचे, पहाटेचा बेत रद्द! मॅमथला चढायच्या पायऱ्या खूप आहेत का?

चुनखडी: खालच्या भागात बऱ्याच आहेत. सासूबाईंना अपर टेरेस ड्राइव्हने न्या, एकेरी रस्ता आहे, ऑरेंज स्प्रिंग माउंड तर गाडीत बसूनच दिसतो. मोठी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) असेल तर मात्र तिथे सोडत नाहीत.