गच्चीवरच्या टाकीसाठी कोणता सेन्सर: डीएस१८बी२० की १० के थर्मिस्टर?

गच्चीवाला, इंदूर:
मे महिन्यात दुपारी टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही. ते किती तापलंय हे खाली घरात बघायला आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) जोडत असाल, तर एलएम३५ हा तापमान सेन्सर घेऊ नका. एका अंशाला तो १० मिलिव्होल्ट देतो आणि ५ व्होल्ट संदर्भावर उनो या आर्डुइनो बोर्डाची मोजायची एक पायरीच ४.९ मिलिव्होल्टची, म्हणजे अर्धा अंश. शिवाय १२ मीटर तारेच्या कपॅसिटन्समुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे) आउटपुट डोलायला लागतं. सरळ पोलादी नळीतला डीएस१८बी२० घ्या, तो तापमान डिजिटल आकड्यातच पाठवतो. डेटा आणि ५ व्होल्टच्या मध्ये ४.७ के (४,७०० ओहम) रेझिस्टर, तोही बोर्डाजवळ. तिन्ही तारा जोडा. दोन तारांत भागवायच्या फंदात पडू नका.

सोल्डरवाला:
एलएम३५बद्दल पटलं, पण थर्मिस्टरने काय घोडं मारलंय? २५ अंशाला १० के असलेला एनटीसी (तापला की रोध घटणारा थर्मिस्टर) अंशागणिक साधारण ४४० ओहमने बदलतो. १२ मीटर जाऊन-येऊन तारेचा रोध दोनेक ओहम, तो हिशेबातही येत नाही. वर १ टक्क्याचा १० के रेझिस्टर, अॅनालॉग पिनवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, झालं. विभाजक (थर्मिस्टर-रेझिस्टरची ही जोडी) आणि एडीसी (बोर्डातला व्होल्टेज मोजणारा भाग) एकाच ५ व्होल्टवर असले की सप्लाय हलला तरी आकडा हलत नाही.

गच्चीवाला:
कोरड्यात ठीक आहे हो. टाकीत ओल शिरली की पाणी थर्मिस्टरला समांतर वाट देतं, एकूण रोध घटतो आणि तापमान उगाच जास्त दिसतं. ते हळूहळू चढतं, म्हणून शंकाही येत नाही. डीएस१८बी२० बिघडला तर निदान सांगतो: −१२७ आला की डेटा तार तुटली किंवा रेझिस्टर राहिला; ८५ आला की मोजणीचे ७५० मिलिसेकंद थांबला नाहीत किंवा सप्लाय मध्येच बसला.

जेल रोडकर:
दोघांनाही एक सांगतो. सुटा डीएस१८बी२० आणि एलएम३५ दिसायला सारखेच, पण सपाट बाजू समोर धरली तर एलएम३५चा डावा पाय सप्लाय, डीएस१८बी२०चा डावा ग्राउंड. उलटा लागला की बोट भाजेल इतका तापतो. आणि नकली चिपांचा सुळसुळाट आहे. डीएस१८बी२०चा पत्ता (चिपमध्येच कोरलेला क्रमांक) वाचून बघा: अस्सल चिपमध्ये शेवटच्या तपासणी बाइटच्या आधीचे दोन बाइट सहसा शून्य असतात.

सोल्डरवाला:
म्हणजे नळीतला घेतला तरी आत काय निघेल याची खात्री नाहीच! ओलीचा मुद्दा मान्य, पण पाण्यात सांधा ठेवायचाच कशाला? लांब तारेचा, इपॉक्सीबंद एनटीसी घ्या, सांधा टाकीच्या वर डबीत, आणि तार डबीत खालून घ्या. माझं मत अजूनही थर्मिस्टरलाच.