गर्भपाताच्या पापाची क्षमा: पापनिवेदनाच्या रांगेत नवरे कुठे आहेत?

निर्मळची सून

इस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या वसईच्या देवळांत एखादं तरी प्रवचन गर्भपातावर होतंच. ‘खून करू नकोस’ ही आज्ञा, आईच्या उदरातलं बाळ, शेवटी देवाची दया. यातल्या एकाही शब्दावर माझा आक्षेप नाही, मी स्वतः गर्भपात पाप मानते. पण हे सगळं दरवेळी बायकांच्या बाकांकडे बघून का बोललं जातं?

थोडी पार्श्वभूमी देते. कॅथलिक कायद्यात गर्भपात घडवून आणणाऱ्याला आपोआप धर्मबहिष्कार लागतो, त्यासाठी कोणी निवाडा द्यावा लागत नाही. म्हणून साध्या धर्मगुरूला या पापाची क्षमा देता येत नसे. बिशपांकडे, नाहीतर त्यांनी अधिकार दिलेल्या फादरांकडे जावं लागे. पोप फ्रान्सिस यांनी १ सप्टेंबर २०१५ ला व्हॅटिकनमधले आर्चबिशप फिसिकेला यांना पत्र लिहून दयेच्या जुबिली वर्षापुरता, म्हणजे खास पवित्र वर्षापुरता, हा अधिकार जगातल्या सगळ्या धर्मगुरूंना दिला, आणि २० नोव्हेंबर २०१६ ला, जुबिली संपताना, तो पुढेही चालू ठेवला. म्हणजे आज कोणत्याही धर्मग्रामातल्या फादरांकडे खऱ्या पश्चात्तापाने गेलं तर तिथल्या तिथे क्षमा मिळते. मी धर्मशिक्षणाचे वर्ग घेते. तिथे येणाऱ्या आयांना हे अजून माहीत नाही. ‘त्यासाठी बिशप हाऊसला जावं लागतं’ हेच त्यांनी ऐकलेलं असतं.

आता मुद्दा. पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९९५ चं ‘एव्हांजेलियुम विते’ हे परिपत्रक काढून बघा. परिच्छेद ५९ मध्ये बापाचा दोष स्पष्ट मांडलाय: तो बाईवर दबाव आणतो तेव्हा दोषी, आणि तिला गरोदरपणाच्या अडचणींत एकटी सोडतो तेव्हाही दोषी. मग परिच्छेद ९९ मध्ये, गर्भपात केलेल्या स्त्रियांशी पोप थेट बोलतात, खचू नका, आशा सोडू नका म्हणतात. फार मायेने लिहिलंय ते. पण बापांशी असं थेट बोलणारा परिच्छेद मला त्यात सापडला नाही.

‘आत्ता नको’ कोण म्हणालं? दवाखान्याचे पैसे कोणी भरले? ‘गुपचूप उरकून ये’ असं पोटच्या पोरीला कोणी सांगितलं? या माणसांनी ते स्वतःचं पाप म्हणून पदरी घ्यावं, फादरांसमोर पाप कबूल करायच्या रांगेत उभं राहावं, आणि फादरांनी वेदीवरून तसं नाव घेऊन, म्हणजे नवरा, सासू, बाप असं म्हणून, सांगावं. इतकंच मागणं आहे. पटतं का?

बोरिवलीकर

ताई, नवऱ्यांना रांगेत आणा, माझी ना नाही. पण रोग दुसराच आहे. रांग इतकी सोपी झाली आहे की तिच्यात कोण आहे नि कोण नाही याने फरक पडेनासा झालाय.

३१४ साली अंकुरा (आजचं अंकारा) इथल्या चर्चच्या परिषदेने या पापाला दहा वर्षांचं प्रायश्चित्त ठरवलं होतं. दहा वर्षं! संत बासिल यांनीही तेवढंच सांगितलं. आज ‘नमो मरिया’ची प्रार्थना तीनदा म्हटली की मोकळं. बिशपांकडे जावं लागणं ही शिक्षा नव्हती, कुंपण होतं. तिकडे जाताना माणसाला पायरी-पायरीला कळत होतं की आपण काय केलंय. २०१६ ला ते कुंपण काढलं. दया मलाही हवी आहे, पण स्वस्त झालेली दया कोणाला बरं करत नाही.

जुना सेमिनारी

अंकुराचा अर्धाच दाखला दिलात. त्याच नियमात लिहिलंय की पूर्वीचा नियम मरेपर्यंत बाहेर ठेवायचा होता, आम्ही तो सौम्य करून दहा वर्षांवर आणतो आहोत. म्हणजे तुम्ही ज्याला कडकपणा म्हणता ती त्या काळची सवलत होती. पुढचा इतिहासही तसाच. पोप सिक्स्तुस पाचवे यांनी १५८८ ला क्षमेचा अधिकार थेट रोमकडे घेतला. १५९१ मध्ये, तीनच वर्षांत, ग्रेगरी चौदावे यांना तो हुकूम बराचसा मागे घ्यावा लागला. कुंपण उंच केलं की लोक सुधारत नाहीत, दारापर्यंत यायचेच थांबतात.

दुसरं, २०१६ ला शिक्षा रद्द झालेली नाही. ती चर्चच्या कायद्यात आहे, फक्त २०२१ च्या दुरुस्तीत नियम १३९८ चा १३९७ झाला. आणि ती आधीही सरसकट लागत नव्हती. नियम १३२३ नि १३२४ वाचा: अठरा वर्षांखालील मुलगी, जबर भीतीपोटी वागलेली व्यक्ती, अशी शिक्षा असते हेच जिला स्वतःच्या चुकीशिवाय माहीत नव्हतं ती, यांना हा आपोआपचा बहिष्कार लागत नाही. आपल्याकडच्या किती बायका यात बसतील ते तुम्हीच ठरवा. पाप राहतं, ते सांगायला यावं लागतं. पण ‘मी मंडळीबाहेर फेकली गेले’ या धाकात वीस-वीस वर्षं ख्रिस्तप्रसाद न घेणाऱ्या बायका उगाच जळत राहिल्या.

निर्मळच्या ताईंचं म्हणणं कायद्यात आधीपासून आहे. नियम १३२९: ज्याच्या मदतीशिवाय गुन्हा घडलाच नसता त्या साथीदारालाही तीच शिक्षा. नियम १०४१: गर्भपात घडवण्यात प्रत्यक्ष हातभार लावलेला पुरुष, रोमकडून खास सूट मिळाल्याशिवाय, धर्मगुरू होऊ शकत नाही. सेमिनारीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, आम्हाला हे तोंडावर विचारत. बाहेरच्या नवऱ्यांना कोणी विचारत नाही.

विचारता येतही नाही म्हणा. नियम ९७९ प्रमाणे पापनिवेदन ऐकणाऱ्याने साथीदाराचं नाव विचारायचं नसतं. तेव्हा बाईने येऊन सगळं सांगितलं तरी फादर नवऱ्याला बोलावू शकत नाहीत. तो आपल्या पायाने आला तरच.

नगरचा पाळकपुत्र

तुमचे नियम नि त्यांचे आकडे वाचून डोकं गरगरलं. आम्हा प्रोटेस्टंटांकडे एकच वचन पुरतं: ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून आपल्या पापांची क्षमा करील’. १ योहान १:९. तिथे बिशप नाही, जुबिली नाही. २०१५ च्या ७ डिसेंबरला, जुबिली सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, जिला साध्या फादरांकडे क्षमा मिळत नव्हती तिला दुसऱ्या दिवशी कशी मिळायला लागली, हे मला कोणी समजावेल का? देव काय पत्राची वाट बघत होता?

मडगावकार

पाळकपुत्र, देवाने क्षमा केली हे तुम्हांला कोण सांगतं? तुमचं तुम्हीच. कुमसाराला, म्हणजे पापनिवेदनाला, बसलं की जाळीपलीकडून दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येतं. ज्या बाईने ही गोष्ट पंधरा वर्षं कुणालाच सांगितली नाही तिला ते ऐकणं हवं असतं. तुमच्या मंडळीत ती कोणाला सांगते?

नगरचा पाळकपुत्र

पाळकाच्या बायकोला. खरंच. माझ्या आईने आयुष्यभर हेच केलं, आणि एकाही बाईची गोष्ट तिने आम्हा पोरांसमोर काढली नाही. पण पुरुष यायचे का विचाराल तर नाही. एकही नाही. इथे मात्र ताईंचा मुद्दा आमच्याही गळ्यात येतो.

ओटी सिस्टर

मी कॅथलिक आहे, नर्स आहे, आणि जिथे गर्भपात होतात त्या ऑपरेशनच्या खोलीच्या आतल्या बाजूला उभी असते. तुमची सगळी चर्चा एका गृहीतावर चाललीये की प्रत्येक बाई रडतेय. नाही हो. बऱ्याच बायका सुटकेचा श्वास टाकतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातात. अमेरिकेत जवळपास हजार बायकांना पाच वर्षं विचारत राहिलेला मोठा अभ्यास आहे. त्यात गर्भपात केलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जणींनी पाच वर्षांनंतरही निर्णय बरोबर होता असंच सांगितलं. ज्याचा पश्चात्तापच नाही त्याची क्षमा तुम्ही कुठून देणार? की आधी अपराधीपणा वाटायचा आणि मग त्यावर औषध द्यायचं?

गर्भपाताला परवानगी देणाऱ्या १९७१ च्या कायद्याआधी बायका काय-काय घालून घ्यायच्या हे जुन्या सिस्टरांना विचारा. त्या मरणांचं प्रायश्चित्त कोणी घेतलं?

आणि २००९ चं ब्राझील आठवा. पेर्नांबुकु राज्यातली नऊ वर्षांची मुलगी, सावत्र बापाच्या अत्याचारातून पोटात जुळी. गर्भपात झाला. रेसिफेच्या आर्चबिशपांनी मुलीची आई आणि डॉक्टर बहिष्कृत झाल्याचं जाहीर केलं. सावत्र बाप? तो नाही. त्याच्या पापाला तो नियम लागत नाही म्हणे. यांच्या नियमात पुरुष कुठे आहेत हे मला तेव्हाच कळलं.

जुना सेमिनारी

सिस्टर, ब्राझीलची गोष्ट तिथे संपत नाही. तिथल्याच बिशप परिषदेने पुढे सांगितलं की आईला बहिष्कार लागत नाही, ती दबावाखाली होती. आणि व्हॅटिकनच्या वृत्तपत्रात त्या आर्चबिशपांवर टीका करणारा लेख लिहिणारे हेच फिसिकेला, ज्यांना सहा वर्षांनी पोपनी ते पत्र लिहिलं. त्या लेखावरून रोममध्ये गदारोळ झाला, नंतर शिकवण बदललेली नाही असा खुलासाही काढावा लागला. पण माणूस तोच. मला तरी हा निव्वळ योगायोग वाटत नाही.

बोरिवलीकर

सिस्टर, ९५ टक्क्यांना वाईट वाटलं नाही म्हणून ते पाप नाही? वाटण्यावर पाप ठरायला लागलं तर लाच घेणारे सगळे संत. आणि तुम्हांला एक विचारतो. मुलगी आहे म्हणून पाडली, तर तिथे तुम्ही काय म्हणता? महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखाली हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. तिथे ‘बाईचा निर्णय’ म्हणून गप्प बसता का? गर्भ मुलीचा असला की जीव, नाहीतर नुसती गाठ, असं चालणार नाही.

ओटी सिस्टर

तिथे मी गुन्हा म्हणते. पण कोणाचा गुन्हा ते बघा ना. लिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्यात कलम २४ आहे: बाईची तपासणी झाली असेल तर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी तिच्यावर जबरदस्ती केली असंच कोर्टाने गृहीत धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. सरकारला जे तीस वर्षांपूर्वी कळलं ते तुमच्या वेदीवरून अजून ऐकू येत नाही.

जीव कधीपासून, यावर तुमचं-माझं जमणार नाही, सोडून द्या.

निर्मळची सून

सिस्टर, कलम २४ मला माहीत नव्हतं. मी जे मागतेय ते नेमकं हेच, वेगळ्या भाषेत.

पण तुमची एक गोष्ट मान्य नाही. अपराधीपणा चर्चने घालून दिला नाही तर तो नसतोच, असं तुम्ही म्हणताय. आमच्या शेजारणीचं सगळं हिंदू घर, कुठलं प्रवचन नाही, जाळी नाही, तरी तिला ती तारीख पाठ आहे. ज्यांना वाईट वाटत नाही त्यांना मी ओढून आणत नाहीये. ज्यांना वाटतं त्यांचं काय करायचं ते सांगा. तुमच्याकडे त्यांना द्यायला काय आहे? ‘वाटून घेऊ नका’?

ओटी सिस्टर

नाही. मी त्यांच्याजवळ बसते. तेवढा वेळ मिळाला तर. वॉर्डात तोही मिळत नाही हे खरं आहे.

नाव नको

मी गेले होते पापनिवेदनाला. दोन मुलांनंतरचं होतं. नवरा म्हणाला झेपणार नाही, सासूबाई सोबत आल्या. माझं कोणी ऐकलं नाही असंही म्हणणार नाही, कारण मी काही बोललेच नव्हते. फादरांनी ओरडलं नाही. बायबलमधलं स्तोत्र ५१ म्हणायला सांगितलं आणि पापमुक्ती दिली. बोरिवलीकर, ती स्वस्त नव्हती. तिथपर्यंत पोचायला मला जेवढा काळ लागला तो तुमच्या अंकुरापेक्षा कमी नाही.

पण निर्मळच्या ताई, तुमचं मला पटत नाही. नवरा आजही मिस्सेत, देवळातल्या उपासनेत, वाचन करतो. त्याने त्या रांगेत उभं राहावं असं मला वाटत नाही. तिथे तो आत जाईल, देवाची क्षमा घेऊन बाहेर येईल, आणि मला कळणारही नाही. गुप्ततेची मुद्रा लागलेली असते ना त्या बोलण्यावर. मला तो देवाशी काय बोलतो यात रस नाही. माझ्याशी एकदा बोलावा. इतक्या वर्षांत ‘आपण’ असा शब्द त्याने त्या बाबतीत वापरलेला नाही.

मडगावकार

यावर काय लिहिणार.

जुना सेमिनारी

मत्तय ५:२३-२४ यासाठीच आहे. वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. क्रम असा आहे. आपण तो उलटा करून ठेवलाय: देवाकडून पावती आधी, बायकोशी बोलणं जमलं तर.

बोरिवलीकर

याला माझी हरकत नाही. उलट हे दहा वर्षांपेक्षा कडक प्रायश्चित्त झालं. फादरांनी पुरुषाला ‘नमो मरिया’ न सांगता ‘घरी जा आणि तिच्याशी बोल’ असं सांगावं. जाळीतून तेवढं सांगायचा अधिकार त्यांना आहे. फक्त तो आधी आला पाहिजे.

निर्मळची सून

नाव नको, तुमचं वाचून मी माझी मागणी मागे घेत नाही, वाढवते. लग्नाआधीच्या शिबिरात डॉक्टर येतात, नैसर्गिक कुटुंबनियोजनाचा तक्ता समजावतात. तिथे होणाऱ्या नवऱ्यांना परिच्छेद ५९ वाचून दाखवा. लग्न झाल्यावर उपवासकाळात सांगण्यापेक्षा ते बरं. आमच्या फादरांना विचारणार आहे.

ओटी सिस्टर

विचारा. आणि तक्त्याचं निघालंच आहे तर हेही विचारा: गर्भनिरोधकांना तुमची बंदी आहे, १९६८ ला ती पुन्हा पक्की केली. बंदी पाळायची बाईने, तक्ता भरायचा बाईने, चुकला तर माझ्याकडे यायचं बाईने. त्या बंदीमुळे जे गर्भपात होतात त्यांचं पापनिवेदन कोण करणार?

बोरिवलीकर

बंदीमुळे नाही, बंदी न पाळल्यामुळे. वेगळा धागा काढा, तिथे येतो.