मदत हवी आहे: चार्ज दिलेल्या सिलेंडरचं इलेक्ट्रिक पोटेन्शियल (विद्युत विभव) अनंत काहून येते?

नमस्कार मंडळी, नागपूरहून विचारून राहिलो, बीएस्सीचा पेपर सोमवारी आहे. धातूच्या गोळ्याचं जमलं, त्रिज्या 10 सेंमी, चार्ज 2 मायक्रोकूलॉम, पृष्ठभागावर 1,80,000 व्होल्ट, आत फील्ड शून्य पण पोटेन्शियल तेवढंच, हे पटायलाच दोन दिवस गेले माझे. आता लांबच लांब सिलेंडर घेतला तर फील्ड 1/r नं (r म्हणजे अक्षापासूनचं अंतर) कमी होते म्हणून इंटिग्रेशनमध्ये लॉग येते, आणि अनंत अंतरावर पोटेन्शियल शून्य धरलं की उत्तरच अनंत! रात्री तीनदा खोडलं, वरून कूलरचं पाणी वहीवर उडून लॉगवालीच ओळ पुसली. मग शून्य नेमकं कुठं धरायचं? पृष्ठभागावर धरलं तर चालते का, की फक्त दोन बिंदूंतला फरकच काढायचा? कोणी समजावून सांगा ना भाऊ.